वाटाण्याचा वेल हलला कुठे?

आर. के. पुरममधून आपला आजचा भाग. विषय डोळ्यांचा आहे, पण वाट सिनेमावरून जाते.

फौजेत आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं होतं, की झुडपाआड निश्चल बसलेला माणूस सहसा दिसत नाही. त्याने मान वळवली की संपलं. म्हणून सरपटायचं ते इतकं सावकाश, की पहारेकऱ्याला हालचाल जाणवूच नये. डोळा-मेंदूच्या यंत्रणेला एका वेगाखालची हालचाल दिसत नाही. घड्याळाचा तासकाटा त्या वेगाखाली फिरतो, झाडही त्याखालीच वाढतं.

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत गेले. दिवसांची वाढ काही क्षणांत पडद्यावर आली. माती फोडून वेल वर चढताना लोकांनी ‘पाहिला’. खरं तर पडद्यावर काहीच हललं नव्हतं. होती ती स्थिर चित्रांची रांग.

मग हललं कुठे? योगायोग असा, की त्याच १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्टहायमर यांनी यावर निबंध छापला. दोन रेघा आळीपाळीने दाखवायच्या. मधलं अंतर सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाच्या आसपास असेल तर दोन्ही एकदम दिसतात. पाचव्या हिश्शाएवढं असेल तर एकीमागून दुसरी. साधारण सोळाव्या हिश्शाला मात्र एकच रेघ सरकताना दिसते. शाळेत आपल्याला ‘दृष्टिसातत्य’ सांगून मोकळं करतात. ते अपुरं आहे. चित्र नुसतं रेंगाळलं असतं तर एकावर एक चढून गिचमिड झाली असती. हालचाल मेंदू स्वतंत्रपणे ओळखतो.

याचा पुरावा १९८३ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी मांडला. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झालेल्या एका बाईला रंग, आकार सगळं दिसे, फक्त हालचाल दिसत नसे. कपात ओतलेला चहा गोठल्यासारखा वाटे, कप भरल्याचं कळत नसे. रस्ता ओलांडताना दूरची गाडी एकदम अंगाशी आलेली असे. आमच्या रिंगरोडवर असं उभं राहायचं म्हणजे काय, कल्पना करा.

फाळक्यांना वेर्टहायमर ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांना भांडवल हवं होतं. वाटाण्याची ती फिल्म दाखवून त्यांनी ते उभं करायला सुरुवात केली. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.