दोन भाषांचा आद्य उद्गार

ख्मेर आणि ग्रीक या दोन भाषांची तुलना करावयाची म्हटले, तर भाषाकुलांचा अभ्यासक प्रथम हसेल. आणि त्याचे हसणे अगदीच अवाजवी म्हणता यावयाचे नाही. ग्रीक ही संस्कृतची भगिनी. ‘ददामि’ आणि ‘दिदोमि’ शेजारी ठेवले की निराळा पुरावा नको. ख्मेरचे कूळ ऑस्ट्रोआशियाई. तिचे आपल्या देशातील रक्ताचे आप्त म्हणजे खासी, संताळी, मुंडारी आणि मेळघाटातील कोरकू. संताळीत तिनाला ‘पे’ व चाराला ‘पोन’ म्हणतात. ख्मेरमध्ये ‘बेइ’ व ‘बुओन’. मौज अशी की, ख्मेरमध्ये ‘भाषा’, ‘अक्षर’, ‘नगर’ हे शब्द दिसताच, विद्यापीठाला तेथे ‘सकलविद्यालय’ म्हणतात हे कळताच, आपण तिला घरची मानू लागतो, आणि ग्रीक मात्र आपल्याला परकी वाटते. उसन्या दागिन्यांवरून कूळ ठरविण्याचाच हा प्रकार आहे.

तेव्हा नात्यागोत्याचा प्रश्न बाजूस ठेवून निराळाच प्रश्न विचारू. या दोन भाषा प्रथम कशासाठी लिहिल्या गेल्या?

ग्रीकच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर १९५२ मध्ये मिळाले. क्नोसॉस व पायलोस येथे सापडलेल्या मृत्पट्टिकांवरील लिपी मायकेल व्हेन्ट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने उलगडली, आणि तीखालची भाषा ग्रीक निघाली. होमरच्याही कित्येक शतके आधीची. एखादे महाकाव्य हाती येईल अशी आशा ज्यांनी बाळगली होती, त्यांच्या हाती आल्या जमाखर्चाच्या याद्या: इतकी मेंढरे, इतके तेल, इतके धान्य. पायलोसच्या पट्टिकांत राजवाड्यासाठी राबणाऱ्या स्त्रियांचे गट मोजलेले आहेत. दळणाऱ्या, विणणाऱ्या, मिलेटसकडच्या, क्निडसकडच्या, लेम्नॉसच्या, सोबत त्यांची मुले आणि त्यांना द्यावयाचे धान्य व अंजिरे. त्या यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही. क्नोसॉसच्या पट्टिकांत मात्र बैलांची नावे आहेत. एकाचे ‘चपळ’ अशा अर्थाचे, तर दुसऱ्याचे ‘काळ्या’ अशा. दोन्ही पट्टिका एका ठिकाणच्या नाहीत, म्हणून यावरून सिद्धान्त काढू नये, हे मला कळते. तरीही ही दोन पाने एकामागून एक वाचणाऱ्याला थांबावे लागतेच.

ख्मेर भाषेचा कालोल्लेख असलेला सर्वांत जुना लेख दक्षिण कंबोडियातील आंकोर बोरेई येथील आहे. त्याचा काल शके ५३३, म्हणजे इ. स. ६११. आपल्या पंचांगातलाच शक! देवांना अर्पण केलेल्या दासांची नोंद हा त्याचा विषय आहे. पुढे कित्येक शतके तेथील शिलालेखांत दोन भाषांची कामे वाटलेली दिसतात. देवाची स्तुती आणि राजाची प्रशस्ती संस्कृत पद्यात. शेते, गुरे, तांदूळ आणि माणसे यांची मोजदाद ख्मेर गद्यात. आपल्याकडील पंडितांनी यांतील संस्कृत भागावर मनापासून प्रेम केले, आणि ते स्वाभाविक होते. भारताबाहेर आपले वृत्त आणि आपला अलंकार इतक्या सफाईने नांदताना पाहून कोणाला आनंद होणार नाही? परंतु त्या आनंदाच्या भरात दगडावरील दुसरा भाग बहुधा वाचावयाचा राहून गेला. जे राबत होते ते त्या दुसऱ्या भागात आहेत.

आणि तेथे ते नावानिशी आहेत. पुरुषाच्या नावापूर्वी ‘वा’, स्त्रीच्या नावापूर्वी ‘कु’, अशी ही मालिका चालते. नर्तकींची नावे पुष्कळदा संस्कृत, डौलदार. इतरांची कुत्रा, मांजर, ओंगळ अशा अर्थांची. यावरून धन्याचा तिरस्कार लगेच सिद्ध करण्याचा मोह होतो. पण ज्या भाषेत दृष्ट लागू नये म्हणून पोटच्या पोराला दगडू, धोंडू, केरू म्हटले जाते, त्या मराठीच्या वाचकाने येथे जरा सावध असावे.

खरी अडचण पुढेच आहे, आणि ती भाषांतरकाराची आहे. ग्रीक पट्टिकांतील शब्द ‘दो-ए-रो’. हाच पुढचा ‘दूलॉस’. ख्मेर लेखांतील शब्द ‘क्ञुं’. दोहोंसाठी ‘गुलाम’ लिहिले की वाक्य सुटते, अर्थ सुटत नाही. पायलोसला ‘देवाचा दोएरो’ म्हणविणारी माणसे जमिनीचे तुकडे कसण्यासाठी धारण करताना आढळतात. बाजारात विकला जाणारा गुलाम तो हा नव्हे. मंदिराला दिलेले सगळेच ‘क्ञुं’ एका दर्जाचे होते की काय, याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. मला स्वतःला ‘दास’ हा शब्द बरा वाटतो. तो अचूक आहे म्हणून नव्हे, तर त्याची संदिग्धता याच जातीची आहे म्हणून. ‘रामदास’ या नावात तो भूषण होतो आणि ‘देवदासी’त त्याचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. संत पॉलने स्वतःला ख्रिस्ताचा ‘दूलॉस’ म्हटले, तेव्हा ग्रीकमध्येही त्या शब्दाने असेच वळण घेतले होते.

त्यानंतरची या दोन शब्दांची वाटचाल निराळी आहे. आजच्या ग्रीकमध्ये ‘दुलीया’ म्हणजे दास्य आणि ‘दुल्या’ म्हणजे रोजचे काम, नोकरी. लिहिताना अक्षरे तीच; फक्त आघाताची खूण एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकते. अथेन्समधला माणूस सकाळी कामावर निघतो तेव्हा तो हाच शब्द उच्चारतो, आणि त्यात त्याला काही वावगे वाटत नाही.

ख्मेर शब्दाने याहून लांबचा पल्ला गाठला. ‘क्ञुं’चे आजचे रूप ‘ख्ञोम’, आणि त्याचा अर्थ ‘मी’. थोरांपुढे स्वतःला दास म्हणविण्याच्या विनयातून तो तेथवर आला; आता तो विनयही झिजून गेला आहे, आणि मंत्री काय, भाजीवाली काय, सारे स्वतःविषयी बोलताना हाच शब्द वापरतात. मात्र मूळ अर्थाची जागा त्यामुळे रिकामी पडली. ख्मेरमध्ये आज गुलामाला ‘तिआसकर’ म्हणतात; लेखन ‘दासकर’. दगडावर राजाची स्तुती तेवढी जिच्याकडे होती, त्या भाषेतून हा शब्द घेतलेला आहे.