घड्याळ चाकापाशी

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ११४० किलोमीटर. जेट विमान उंचीवर गेलं की ताशी आठशे किलोमीटरच्या पुढे पळतं. म्हणजे दीड तासाच्या आत काम व्हावं. तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले असतात. चढण्या-उतरण्यात आणि हवाई मार्गाच्या वळणांत थोडा वेळ जातो, हे खरं. पण मुळात तिकिटावरचा वेळ नुसत्या उड्डाणाचा नसतोच. चाकाचा अडसर निघाल्यापासून दुसऱ्या गावी तो पुन्हा लागेपर्यंतचा तो वेळ. या धंद्यात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात.

त्याचं मूळ लाकडी ठोकळ्यांत आहे. सुरुवातीच्या विमानांना ब्रेक नव्हते आणि इंजिन सुरू करायचं ते पंखा हाताने फिरवून. इंजिन एकदम पेटलं तर विमान समोरच्या माणसाच्याच अंगावर यायचं. म्हणून घाटात बंद पडलेल्या ट्रकला क्लीनर दगड लावतो तसे चाकांपुढे ठोकळे लावत. इंजिन तापलं की वैमानिक हात हलवायचा, खालची माणसं दोरी ओढून ठोकळे काढायची आणि विमान धावू लागायचं. प्रवास सुरू झाला तो तिथून.

पुढे ब्रेक आले, तरी ठोकळे गेले नाहीत. आता ते बहुधा रबराचे, पिवळेधमक असतात. त्यांना चॉक म्हणतात. विमान थांबलं की खालचा माणूस ते चाकाच्या मागेपुढे सरकवतो आणि वर कॅप्टनला हाताने खूण करतो.

वेळ तिथून मोजायचं कारण सरळ आहे. धावपट्टीच्या रांगेत ताटकळणारं विमानही इंधन जाळतं आणि वैमानिकही कामावरच असतो. त्यामुळे एखाद्या कॅप्टनच्या नावावर दहा हजार तास असले, तर त्यातले कितीतरी जमिनीवर सरपटण्यातले असतात!

पूर्वी या वेळा वैमानिक हाताने टिपून घेत. १९७८ साली अमेरिकेत एकार्स ही संदेशयंत्रणा आली आणि जागेवरून हलणं, चाकं जमीन सोडणं, पुन्हा टेकणं आणि जागेवर थांबणं हे चारही क्षण विमान स्वतःच कळवू लागलं. दारं बंद होऊन पार्किंग ब्रेक सुटला की पहिली नोंद होते, चाकांवरचा भार गेला की दुसरी.

१९८७ साली तिथल्या सरकारने मोठ्या विमान कंपन्यांना उशिराची आकडेवारी द्यायला लावली. ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर वेळेवर, असा नियम. कंपन्यांनी विमानांचा वेग वाढवला नाही, वेळापत्रकंच सैल केली. वेळेआधी पोचल्याचं कॅप्टनने जाहीर केलं की प्रवासी खूश होतात. माझ्या मते त्यातली बरीचशी मिनिटं आधीच तिकिटात भरलेली असतात.

अर्थात हे सगळंच लबाडीचं नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. आणि कधी लवकर उतरलंच, तर उभं राहायची जागा आधीच्या विमानाने अडवलेली. मग सीटच्या पट्ट्यांना हात लावून सगळे बसून राहतात. चॉक लागेपर्यंत वेळ चालूच.