घाट, देऊळ आणि बंदर

बेळगावाहून गोव्यास निघालेल्या प्रवाशाचे चित्त बहुधा समुद्रकिनाऱ्यावर गुंतलेले असते. मधला घाट म्हणजे किनारा गाठण्यापूर्वी सोसावयाची वळणे, आणि घाटातले रान म्हणजे मोटारीच्या काचेतून दिसणारी हिरवी भिंत, एवढीच त्याची समजूत. परंतु या वाटेचा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे निराळेच चित्र दिसू लागते. घाटमाथा, रान आणि किनारा ही एकाच राज्याची अंगे होती. आणि किनाऱ्यावरचे वैभव लयास गेल्यावर त्या राज्याची एक खूण रानाने राखून ठेविली. हे डोळ्यांनी ताडून पाहावे म्हणून आम्ही चौघे स्नेही गेल्या माघात मोटारीने या वाटेस लागलो.

आरंभ हलशीपासून केला पाहिजे. बेळगावपासून सुमारे ४० किलोमीटरवरील, खानापूर तालुक्यातले हे गाव प्राचीन काळी पलाशिका या नावाने कदंबांची राजधानी होते. पुढे गोव्याच्या कदंबांनीही घाटावरचे मुख्य ठाणे म्हणून त्यास मान दिला. तेथील भूवराह-नरसिंहाच्या मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत. बाराव्या शतकात या वंशात पेर्माडिदेव राज्य करीत होता. त्याचे बिरुद 'शिवचित्त'; आणि त्याची राणी कमलादेवी हिने देगावे येथे बांधविले ते देऊळ कमलनारायणाचे! शिव आणि विष्णू एकाच राजगृहात असे सुखाने नांदत होते.

हलशीहून परतून लोंढा, रामनगर करीत अनमोडास आले की घाट उतरू लागतो. माट्टी, किंदळ, वेळूची बेटे आणि दऱ्यांतून दाटलेले सदाहरित अरण्य. भर दुपारीही तेथे संध्याकाळचा भास होतो. मोले गावाजवळ महामार्ग सोडून आडवाटेने गेल्यावर ओढ्याच्या काठी तांबडी सुर्ल्याचे महादेव मंदिर एकदम पुढे येते. ते बाराव्या-तेराव्या शतकांतले, काळ्या पाषाणाचे आणि पूर्वाभिमुख आहे. सभामंडप, अंतराळ, गाभारा एवढाच विस्तार. परंतु मंडपाच्या छतावरील कमळ आणि खांबाच्या पायथ्याशी घोड्यास तुडविणारा हत्ती पाहून शिल्पकाराच्या हातास मनोमन वंदन करावेसे वाटते. शिखराचा माथा मात्र अपुरा आहे. हा पाषाण घाटावरून आणला असावा, असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर ज्या उतारावर आमच्या मोटारीचा कस लागला, तेथून हे खांब माणसांच्या आणि बैलांच्या बळावर उतरले!

हे देऊळ वाचले कसे? रानाने लपविले, हे उत्तर सर्वतोमुखी आहे आणि ते खरेही आहे. पण ते अर्धे उत्तर होय. पोर्तुगीजांनी १५१० साली तिसवाडी आणि १५४३ साली बारदेश व साष्टी हे प्रांत घेतले. देवळे पाडण्याचा कहर सोळाव्या शतकात झाला तो याच प्रांतांतून. घाटाखालचा हा भाग त्यांच्या हाती आला तो अठराव्या शतकात, आणि तोवर त्यांचा तो धर्मावेश पुष्कळ ओसरला होता. म्हणजे रानाने देवास दडविले आणि काळाने मुदत दिली.

किनाऱ्यावरच्या देवांस अशी मुदत मिळाली नाही. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा यांस त्यांच्या महाजनांनी नदीपार अंत्रूज महालात हलविले. प्रियोळ आणि कवळे ही क्षेत्रे त्यामुळेच झाली. कवळ्याचे आजचे मंदिर शाहू छत्रपतींचे मंत्री नारोराम यांच्या पुरस्काराने अठराव्या शतकात उभे राहिले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. देव स्थलांतरित झाले तेव्हा अंत्रूज आदिलशाहीच्या अमलाखाली होता. कदंबांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर दिवाडीहून नार्व्यास गेला. त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ साली शिवछत्रपतींनी करविला.

फोंड्यावरून पुढे गेल्यावर जुवारीच्या काठी गोवा वेल्हा लागते. हेच कदंबांचे गोपकपट्टण. अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीने चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदोर, सोडून येथे राजधानी आणिली. गूहल्लदेव राजा सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गे निघाला असता गलबताची डोलकाठी मोडली आणि एका अरब व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केले, असे कथन आहे. त्याच घराण्यातील छडम यास जयकेशीने ताम्रपट दिला. त्यात बंदरास येणाऱ्या जहाजांवरील कराचे उत्पन्न धर्मकार्यास लावून दिले आहे. दस्तऐवज वाचण्याची सवय असलेल्या आमच्यासारख्यांस हा ताम्रपट मोठा बोलका वाटतो. देणगी म्हटली की तिला उत्पन्नाचा आधार हवा, हे तत्त्व त्या राजास पक्के ठाऊक होते.

जवळच शिरदोणची पुळण आहे. समोर जुवारीचे मुख आणि पलीकडे मुरगावचे बंदर. गोपकपट्टणाचे वैभव मात्र शोधू गेल्यासच सापडते. आज हलशी कर्नाटकात आहे, गोपकपट्टण गोव्यात. कदंबांचे लेख संस्कृत आणि कानडी. त्यांच्या देवांपुढे आरत्या होतात त्या मराठीत, आणि गाऱ्हाणे घातले जाते ते कोंकणीत. तेव्हा हा वारसा अमक्याच भाषेचा, असा दावा कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही.

मात्र रानाचा दावा टिकला पाहिजे. १८८८ साली याच डोंगरातून मुरगावची आगगाडी घाटावर चढली. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यावर तिच्या दुहेरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. तो निकाल वन्यजीवांच्या बाजूने लागला. परंतु देवस्थानांच्या महाजनांनीही तो आपलाच समजावा. महाशिवरात्रीस तांबडी सुर्ल्यास भक्तांची गर्दी होते. शेकडो वर्षे त्या पिंडीचा राखणदार झाला तो हा अरण्यदेवच. देवळास कुंपण घालून भोवतीचे रान तोडू दिले, तर आपण देव राखला आणि देवाचा राखणदार घालविला, असे होईल.