डॉलर-चिन्हाचा तंटा

* डॉलर-चिन्हाचा तंटा : सातबाऱ्यावर एकाच गट नंबरापुढे दोन दावेदार उभे राहिले म्हणजे कोणता अनर्थ ओढवतो, हे बीड जिल्ह्यातील वाचकांस विदितच आहे, त्याचप्रमाणे 2005 सालचे प्रोटोटाइप व 2006 सालचे जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची दोन साधने एकाच वेबपृष्ठावर आली असता, डॉलर-चिन्हावर दोहोंचाही दावा असल्याकारणाने, मागाहून आलेल्याचा अंमल त्यावर बसतो आणि पहिल्यासाठी लिहिलेला क्लिकचा हुकूम निष्फळ ठरतो. जेक्वेरीतील 'नोकॉन्फ्लिक्ट' ही आज्ञा ते चिन्ह पूर्वीच्या धन्यास परत करते व जेक्वेरीचा कारभार पूर्ण नावाने चालू राहतो. तथापि क्लिक निरुत्तरच राहिल्यास, अन्य साधनाने त्या घटनेची पुढील वाट अडविली आहे काय, हे एकेक साधन वगळून अभ्यासकाने अवश्य पडताळावे. — संपादक