काय केलंस गो आज?

"काय केलंस गो आज?" हा प्रश्न पेणपासून रोह्यापर्यंत रोज विचारला जातो. नळावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर. आपण कालवणाचं नाव सांगतो, वाटीभर शेजारी देतो आणि कामाला लागतो. ती वाटी रिकामी परत यायची नाही, हीही आपली रीत. जिच्याकडून दोन दिवस उत्तर आलं नाही, तिची चूल पेटली नसेल हे शेजारणीला न सांगता कळायचं.

आपल्या आज्या या प्रश्नाला काय उत्तर देत असतील? आधी आगोट घ्या. पावसात समुद्र बंद, वाटा चिखलाच्या. म्हणून वैशाख-ज्येष्ठातच सुकट, जवळा, सुके बोंबील, मीठ, मिरची भरून ठेवायची. मग आषाढात उत्तर ठरलेलं: तांदळाची भाकरी आणि सुकट. भातकापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे. त्याला वेगळं पाणी लागत नाही. वाल भिजवा, मोड आणा, एकेक दाणा सोला, तेव्हा कुठे बिरडं होतं. खाणाऱ्याला ते पाव तासात संपतं, सोलणारीची दुपार गेलेली असते!

वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्यानं बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. पोपटी एकट्या घरासाठी कुणी लावत नाही. आता रस्त्याकडेच्या हॉटेलांतही ती मिळते, पण शेताच्या बांधावरच्या पोपटीची सर तिला नाही, असं माझं मत.

आता जरा मोठ्या इतिहासाकडे येऊ. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, खारेपाटातल्या चरी गावी ऑक्टोबर १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठीशी उभे राहिले, आणि १९३७ साली त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. पंचवीस गावांनी जमीन कसायची नाही असं ठरवलं, ते थेट १९३९ पर्यंत. शेतात भात नाही, म्हणजे भातामागून येणारे वालही नाहीत. लोकांनी रानातली लाकडं विकून दिवस काढले. सभा कुठे झाली, भाषण कुणी केलं, हे पुस्तकांत आहे. इतकी वर्षं त्या घरांत रोज संध्याकाळी चुलीवर काय ठेवलं जात होतं? भाकरीच्या पिठात काय मिसळलं, कुणी कुणाला वाटी दिली? संप टिकला तो चुलीपाशीसुद्धा टिकला. त्या बायांना हा प्रश्न वेळीच विचारून कुणी लिहून घ्यायला हवं होतं.

स्वयंपाकाची पुस्तकं आपल्या भाषेत होती, नव्हती असं नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० सालचं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत पोचलं. चांगलीच पुस्तकं. पण आपलं माप मुठीचं, ओंजळीचं, आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडानंच जातं.

विकायला निघालेल्या पदार्थाची मात्र नोंद होते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्याचं पुढे लिज्जत झालं. आपल्या पेणचे पापड आणि मिरगुंडंही बाजारात नाव मिळवून आहेत. आपण पाकिटाचं वजन करतो, लेबल लावतो, वहीत आकडा लिहितो. रोजच्या भाकरीचा आकडा कुठेच नसतो. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, आणि पुरुषाची ९७.

तर येत्या बैठकीला बचतीच्या वहीची मागची चार पानं कोरी ठेवा. गटातल्या सर्वांत वयस्कर आजीला विचारा: तुमच्या लग्नानंतरच्या पहिल्या आगोटीला घरात काय काय भरलं होतं? ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. खाली तिचं नाव आणि गाव.