डीजेएस स्कायलार्क

मुंबईच्या विलेपार्ले उपनगरातील द्वारकादास जे. संघवी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी विमानरचना संघ. रेडिओ-नियंत्रित मालवाहू विमाने घडवून तो ‘एसएई एरो डिझाइन’ या १९८६ पासून चालत आलेल्या अमेरिकी स्पर्धेत उतरतो. तेथे उड्डाणाबरोबरच आराखड्याचा अहवाल व तोंडी सादरीकरण यांनाही गुण असतात. खरी कसोटी वजनाची. सांगाडा हलका हवा, तरी उतरतानाचा धक्का सोसणारा. म्हणून अशा विमानांत बाल्सा लाकूड व कार्बन तंतू वापरतात. पंखांची लांबी वाढवली की उत्थापन वाढते, पण पंखांच्या मुळाशी येणारा ताणही वाढतो. हा पेच स्वतःच्या हातांनी सोडवण्याची संधी वर्गात क्वचितच मिळते, आणि संघाचे सर्वांत मोठे शैक्षणिक मोल त्यातच आहे.