सिग्नल आणि घाट : हायब्रीड गाडीतील ऊर्जासाठ्याच्या अभ्यासाची प्रस्तावना

हायब्रीड गाडीत बॅटरी चांगली की अल्ट्राकपॅसिटर, हा प्रश्न घेऊन अनेक जण या विषयाकडे येतात. प्रश्न रास्त आहे. फक्त त्याआधी आणखी एक विचारायला हवं : ऊर्जा किती साठवायची, आणि किती वेळात?

गणितच मांडू. १,२०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगानं सिग्नलपाशी येते. तिची गतिज ऊर्जा भरते अवघी ४६ वॉट-तास. पण गाडी ८ सेकंदांत थांबवायची, तर सरासरी २० किलोवॉटहून जास्त शक्ती तेवढ्या वेळात कुणीतरी सामावून घ्यायला हवी. नाहीतर ती ब्रेक तापवण्यात वाया जाते.

अल्ट्राकपॅसिटरचा खरा प्रांत हाच. त्यात आयन सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागाशी येऊन थांबतात आणि परत जातात. बॅटरीसारखी रासायनिक अभिक्रिया होत नाही. (हा कार्बन बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून करतात, त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग दडलेला असतो.) म्हणून तो सेकंदांत भरतो, सेकंदांत रिता होतो, आणि लाखो वेळा हे करूनही टिकतो. ३,००० फॅरड, २.७ व्होल्टचा सुमारे अर्ध्या किलोचा सेल मात्र जेमतेम ३ वॉट-तास साठवतो. व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत त्यातली तीन चतुर्थांश ऊर्जा हाती लागते. म्हणजे आपल्या सिग्नलसाठी वीसेक सेल, दहा किलो. हे परवडतं.

आता हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे घाट उतरू द्या. ५०० मीटरच्या उतारात १.६ किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. निम्मी घर्षणात गेली असं धरलं, तरी उरलेलीसाठी पावणेदोनशे किलो अल्ट्राकपॅसिटर लागतील! लिथियम-आयन सेल हे काम दहा-पंधरा किलोंत करतात, आणि घाट उतरायला लागणारी मिनिटं त्यांना पुरतातही.

१९९७ च्या टोयोटा प्रियसनं निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी निवडली, आणि ती टिकावी म्हणून तिच्या क्षमतेचा फक्त मधला पट्टा वापरला. थोडक्या ऊर्जेसाठी एवढी मोठी बॅटरी वाहायची, कारण झटक्यासरशी येणारी शक्ती तिला झेपायला हवी. या विषयातलं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण हेच. याच टोयोटानं २०१२ च्या ल मान् शर्यतीतल्या टीएस०३० गाडीत अल्ट्राकपॅसिटर बसवले. पुढे दर फेरीला अधिक ऊर्जा हवी झाली, तेव्हा २०१६ च्या टीएस०५० मध्ये त्यांची जागा लिथियम-आयन बॅटरीनं घेतली. बॅटरीची शक्ती वाढत गेली तसा अल्ट्राकपॅसिटरचा प्रांत आक्रसत गेला, असं माझं मत आहे. तो संपलेला मात्र नाही : कडाक्याच्या थंडीत बॅटरी मंदावते, तेव्हाही तो तत्परतेनं काम करतो.

दोघांना एकत्र जोडण्याची कल्पना मोहक आहे. पण दोघांचं व्होल्टेज जुळवायला मध्ये बसणारा कन्व्हर्टर स्वतःचं वजन, किंमत आणि ऊर्जेची गळती घेऊनच येतो. खरे वाद तिथे आहेत. त्यांत उतरण्याआधी वाचकानं आपल्या रोजच्या रस्त्यावरचे थांबे, वेग आणि चढउतार कागदावर मांडून वरचं गणित एकदा स्वतः करून पाहावं.